भोपळा धरला

मंगळवार संध्याकाळ, चैत्र

परसातल्या सगळ्यांची विचारपूस करून आले. अबोली बरी आहे, मिरवेलीला सुक्या पानांच्या पातेऱ्याचं पांघरूण घातलंय, मिरच्यांची मान ताठ. आणि भोपळ्याची वेल? तिचा भोपळा धरला. हो, धरलाच.

विहिरीचं पाणी तळाला गेलं, तेव्हा धाकट्या जावेने, मालतीने, बजावलं होतं, "वयनी, नुसत्या फुलांना पाणी कशाला? आठवड्यात काही धरलं नाही तर मी उपटणार." कोवळे भोपळे पिवळे पडून गळत होते, तिचं तरी काय चुकलं? मग मीच सकाळी उठून नर फूल खुडलं आणि मादी फुलात फिरवलं. मालती हसली, "आता मुंडावळ्याही बांधा."

आज पाहते तर भोपळा मुठीएवढा, हिरवागार. पिवळा डाग कुठे नाही, दोनदा पाहिलं. मालतीनेही वाकून पाहिलं. मग तांदूळ धुतलेलं पाणी आणून तिने स्वतः वेलीच्या बुडाशी ओतलं, भोपळ्याखाली पेंढा सारला नि म्हणाली, "कातळ तापतो, वयनी. पोर भाजेल."

मुंबईला लेकीला फोटो पाठवलाय. खाली लिहिलं, पाहिलास की लगेच दोन ओळी लिही, नुसता अंगठा नको.