पितळेचा गोळा आणि अनुदानित जागा

३ जानेवारी, शुक्रवार

अखेर जागा निघाली! फिजिक्सची, अनुदानित, एकच. अकरा वर्षं मी रिसोडच्या या ज्युनिअर कॉलेजात विनाअनुदानित घासतोय. उमेदवार दोन. एक मी. दुसऱ्या वैजयंती मॅडम, ज्या जुलैत आल्या आणि अजून स्टाफरूमचा पंखा कोणत्या बटणानं लागतो ते विचारतात.

वीस तारखेला निवड समितीपुढे डेमो लेक्चर. दोघांनाही एकच विषय : मिश्रण पद्धतीनं पितळेचा विशिष्ट उष्मा काढणे. म्हणजे उकळत्या पाण्यातला गोळा गार पाण्यात टाकायचा आणि ते किती अंश चढलं ते मोजायचं. हसूच आलं. हा प्रयोग मी अकरा बॅचेसना लिहून दिलाय.

बायकोला, रुचिकाला, सांगितलं, आता परमनंट सरांची बायको म्हणून जरा रुबाबात राहा. ती म्हणे, आदी ऑर्डर तर दाखवा. या बाईचा विश्वास म्हणून कशावर नाही.

संकल्प : रोज एक तास तयारी. उद्यापासून.

६ जानेवारी, सोमवार

शनिवार-रविवार संकल्पात धरायचे नसतात.

मॅडम लॅबमध्ये घाम गाळत होत्या. तिसऱ्यांदा तोच प्रयोग. मी दारातून पाहिलं. उत्तर चुकलं, तर बाईंनी पुन्हा पाणी तापायला ठेवलं. कीव आली. ज्याला उत्तर माहीत नाही त्यालाच प्रयोग करावा लागतो. उत्तर ०.०९२. पुस्तकात छापलंय. माझ्याकडे रीडिंगची वही आहे : पाणी २७, तापलेला गोळा १००, मिश्रण ३२.७. मला माझ्या सरांनी दिली, त्यांना त्यांच्या सरांनी. तालुक्यातल्या अर्ध्या इंजिनिअरांच्या जर्नलमध्ये हेच आकडे आहेत. कोणाचं काय बिघडलं?

९ जानेवारी, गुरुवार

बारावीची जर्नलं तपासली. पंचेचाळीस. चव्वेचाळीसमध्ये उकळत्या पाण्याचं तापमान १००. एकात ९८! ही निकिता. बाप गावाबाहेर वांगी-मिरची पिकवतो. विचारलं, काहून? म्हणे, सर, मॅडमसोबत खरंच मोजलं, तेवढंच भरलं. म्हणे, आपून समुद्रापासून उंचावर राह्यतो, म्हणून पाणी आदीच उकळते.

वर तोंड करून मला सांगते! म्हटलं, तू काय महाबळेश्वरला राहतेस का? वर्ग खो-खो हसला. दोन मार्क कापले.

१३ जानेवारी, सोमवार

तयारीचा श्रीगणेशा. कॅलरीमीटर काढायला गेलो तर कपाटात नाही. सोमलाला झापलं. सोमला म्हणजे आमचा लॅब अटेंडंट, जवळच्या तांड्यावरचा. दहावी नापास आणि परमनंट. म्हटलं, मोडीत घातलं का रे? सोमला म्हणे, सर, ते तांब्याचं भांडं स्टाफरूमच्या माठावर हाय, मॅडमबी तेथूनच नेतात, तुमीच रोज त्यानं पानी पिऊन राह्यले.

पाहिलं. खरंच. म्हणजे उपकरण अकरा वर्षं रोज वापरात आहे. किती शिक्षक असं छातीठोक सांगू शकतील?

सोमला म्हणे, एकडाव करून पाहा सर, मी पानी तापवतो. आता हा मला शिकवणार. नको म्हटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी तिळगूळ दिला. म्हणाल्या, सर, एकदा दोघं मिळून करून पाहू या का? गोळा पाण्यातून काढल्यावर फार पटकन टाकावा लागतो, माझं तिथंच चुकत होतं. मी गोड बोललो. मनात जे बोललो ते लिहीत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

शर्ट इस्त्रीला दिला. भाषण पाठ. आरशासमोर दोनदा केलं, दोन्ही वेळा उत्तम.

रुचिका म्हणे, प्रयोग कदी करून पाहणार? तिच्यासमोर रीडिंगची वही टाकली. तिनं चाळली आणि म्हणे, याच्यात तारखा काहून नाहीत? बी.ए. झालेल्या बाईला काय समजावणार.

झोप लागत नाही. चहा जास्त झाला असेल.

२० जानेवारी, सोमवार. सायंकाळी ५

झालं लेक्चर. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

समितीत संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव, प्राचार्य आणि अमरावतीहून आलेले एक किडकिडीत तज्ज्ञ. समोर बारावीचा वर्ग. वेळ वाचावा म्हणून मी तक्ता आधीच फळ्यावर लिहून ठेवला होता. उत्तरासकट. दरवर्षी तसंच करतो. तज्ज्ञ म्हणाले, अहो, अजून पाणी तापतंय. म्हटलं, तापू द्या.

पाणी उकळलं. त्यांनी थर्मामीटर वाचायला लावला. ९८. म्हटलं, थर्मामीटर खराब आहे. सोमलानं दुसरा दिला. ९८. म्हटलं, एकाच डब्यातले आहेत, दोन्ही खराब. मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. ती निकिताच असणार.

मग गोळा दोऱ्यानं वर उचलून वर्गाला दाखवला आणि मुख्य मुद्दा घेतला : विद्यार्थ्यांनो, या प्रयोगात उष्णता अजिबात वाया जाता कामा नये. यावर पंधरा मिनिटं बोललो. माझा आवाज आज लागला होता. गोळा हातात लोंबत होता, डोक्यावर पंखा फुल स्पीडमध्ये. उत्तमराव सारखे घड्याळ पाहत होते. तज्ज्ञ उठून आले आणि त्यांनी गोळ्याला बोट लावलं. बोट काढलंच नाही.

गोळा टाकला. पाणी एका अंशानं चढलं. फळ्यावर जवळजवळ सहा अंशांनी चढलेलं होतं. तज्ज्ञांनी विचारलं, हा आकडा तुम्हाला आधीच कसा माहीत? म्हटलं, अनुभव. ते म्हणाले, हा प्रयोग तुम्ही स्वतः शेवटचा कधी केलात?

माझ्या तासाला वर्ग इतका शांत कधीच नसतो. सोमलाकडे पाहिलं, तो फरशीकडे पाहत होता. म्हटलं, नेमकी तारीख सांगता येणार नाही.

नंतर मॅडम. न बोलता टपकन गोळा टाकला, टेबलावर पाणी सांडलं, उत्तर आलं ०.०९५. चूक! माझं फळ्यावर तंतोतंत ०.०९२ होतं. आता समितीला अक्कल असेल तर निकाल उघड आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

उत्तमराव गेटवर भेटले. पाठीवर थाप मारून म्हणे, भागवत सर, बोलता मात्र झकास. अध्यक्ष उगाच कोणाच्या पाठीवर थाप मारत नाहीत.

संकल्प : ऑर्डर हातात आली की पहिलं काम, लॅबला नवे थर्मामीटर. १०० दाखवणारे.

३० जानेवारी, गुरुवार

यादी लागली. मॅडम. मला जूनपासून तास आहेत की नाहीत ते मागाहून कळवतील.

तज्ज्ञ विकला गेलेला. उत्तमराव अडाणी. प्राचार्य मुळात बॉटनीचे. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याशी फार हळू बोलत होते, त्याचाच जास्त राग आला. सुट्टी टाकून एसटी स्टँडवर तीन तास बसलो. वाशिम गाडी गेली, मेहकर गाडी गेली.

घरी रुचिकाला सांगितलं, यादी लांबली, सरकारी काम आहे. तिनं पुढ्यात बशी ठेवली. बशीत पेढे. दुपारी मॅडम स्वतः येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या म्हणे, सरांना सांगा, लॅब त्यांचीच आहे, कधीही या.

माझीच लॅब मलाच देतात! यावर सणसणीत उत्तर तयार करत होतो, तेवढ्यात रुचिकानं हळूच विचारलं, अकरा वर्सात तो प्रयोग एकडावही नाई केला जी तुमी?

नाही म्हटलं.

ती बराच वेळ माझ्याजवळ बसली. पेढ्याचा खवा हलका होता. दोन खाल्ले.