बिनआवाजाची काडतुसं

कुह्मो, ९ जून १९९१

ती. इर्याताईस,
तौनोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कॉफीची पुडकी पोचली. तुमची ती स्वीडनची कॉफी आपल्या कॉफीपुढे नुसतं पाणी आहे, पण बाबांनी तीन कप घेतले, म्हणून तक्रार मागे घेतो.

एक गोष्ट तुला गेल्या सप्टेंबरपासून सांगायची राहिली आहे. राहिली म्हणजे मीच टाळली. मी दलदलीच्या कडेला एक मेत्सो रानकोंबडा टिपला, चांगला चार किलोचा. घरी आलो तर बाबा घरात नाहीत. दोन तासांनी सापडले ते दलदलीतच, कमरेइतक्या पाण्यात, पायात नुसते मोजे. मला ओळखलं नाही. ताई, बंदूक वाजली की ते परत युद्धाच्या त्या हिवाळ्यात जातात, ज्याबद्दल त्यांनी आपल्याला कधी अवाक्षर सांगितलं नाही. युद्ध याच जंगलात झालं, त्यामुळे त्यांना फार लांब जावंही लागत नाही. बाबांना तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी मला बजावलं की पुन्हा असं झालं तर त्यांना घरी ठेवता येणार नाही, कायमचं इस्पितळाच्या वॉर्डात न्यावं लागेल.

शिकार सोड, असं तू म्हणशील. पण पाखराच्या रश्श्याशिवाय बाबा दुसरं काही धड खात नाहीत, आणि त्यांना एकटं टाकून मी लांबच्या रानात जाऊ शकत नाही. म्हणून या उन्हाळ्यात बिनआवाजाची काडतुसं भरून तपासतो आहे. बाबा ज्यांना मांजराचा पाद म्हणायचे, तीच. गोळी आवाजाहून हळू धावली की हवेतला तो तडाका होतच नाही. उरलेला आवाज नळीच्या तोंडाला लावलेलं नळकांडं गिळतं.

माया आहेच, ती पाकिटातून येत राहू दे. पुढच्या वेळी कॉफी मात्र नको.

तुझा,
तौनो


गोथेनबर्ग, १४ जून १९९१

चि. तौनोस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर दिवसभर कारखान्यात भलत्याच भोकात स्क्रू बसवले. नऊ महिने तू हे पोटात ठेवलंस! मी इतकी परकी कधी झाले रे? समुद्र ओलांडला म्हणून बाबांची मुलगी उरले नाही की काय?

माझं म्हणणं सरळ आहे, बंदूक विकून टाक. तू विकणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. वॉर्ड मलाही नको. बाबांना तिथे कोण म्हणेल की ऊठ, अंघोळीचा सौना तापलाय?

तर मग निदान एवढं बघ. हळू धावणारी गोळी पाखराला मारते, का नुसती जखमी करते? लहानपणी जखमी ससा सोडून आलास म्हणून बाबांनी तुला काळोख पडेपर्यंत शोधायला लावलं होतं. ते आठव आणि मगच नेम धर.

पुढच्या शुक्रवारी युहान्नुस, आपला मध्य-उन्हाळ्याचा सण. तळ्याकाठच्या शेकोटीत माझ्या नावाचं एक लाकूड टाक. दोघेही सांभाळून राहा, आणि मला तुमच्यातली धरायचं सोडू नका.

तुझी,
इर्याताई


कुह्मो, २८ जुलै १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लाकूड टाकलं. बाबांना सांगितलं की हे इर्याचं. ते म्हणाले, इर्या अजून शाळेतून आली नाही का?

दर मंगळवारी नर्सबाई बाबांपाशी बसतात आणि मी वाळूच्या खाणीत जातो. काडतूस भरायचं, झाडायचं, कागदावरचं भोक बघायचं, वहीत लिहायचं. आधी आवाज फार होता. मग काडतुसातली दारू थोडी कमी केली, मग आणखी थोडी. माणसाला हाव सुटते, ताई. मला इतकी शांतता हवी होती की खटका तेवढा ऐकू यावा.

दोन मंगळवारांपूर्वी तशी ती मिळाली. एकामागून एक पाच झाडल्या. सहावं काडतूस आत सारलं आणि सहज दुर्बिणीतून पाहिलं, तर कागदावर चारच भोकं. पाचवी गोळी नळीतच अडकली होती. आवाजच नाही, तर ती बाहेर पडली की नाही हे कळणार कसं? सहावी झाडली असती तर नळी माझ्या तोंडावर फुटली असती. बंदूक बाजूला ठेवून तिथेच वाळूत बसलो. मला काही झालं तर बाबांना कोण, एवढंच मनात येत होतं.

आता दारू परत वाढवली आहे. प्रत्येक गोळीनंतर चालत जाऊन भोक बोटाने चाचपतो. चाळीस पावलांवर पाचही गोळ्या काडेपेटीएवढ्या जागेत बसतात. साठ पावलांवर वीतभर खाली येतात, म्हणून चाळीसच्या पुढे झाडायचं नाही असं ठरवलं आहे. भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गोळी पुरेशी खोल जाते. पाखराला कळणारही नाही.

रागावशील ते कागदावर रागाव, पण लिहीत राहा.

तुझा,
तौनो


गोथेनबर्ग, ६ ऑगस्ट १९९१

चि. तौनोस आशीर्वाद.

रागावले नाही. रडले. आता ऑक्टोबरची रजा मागितली आहे, मिळेल असं वाटतं. तोवर भोकं मोज. माझ्यासाठी मोज. दोन बोटं कमी करून घेतलीस तर मी आल्यावर मासे भरलेला कालाकुक्को पाव मळून कोण देणार?

इकडून डोळे तुमच्याकडेच लावून बसलेली,
इर्याताई


कुह्मो, १६ सप्टेंबर १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहा तारखेला शिकार खुली झाली. घरामागच्या पाइनच्या झाडांत, बत्तीस पावलांवर, पहिलं पाखरू एका गोळीत पडलं. बाबा उघड्या खिडकीशी बटाटे सोलत होते. मी वळून बघितलं, त्यांची सुरी थांबलीसुद्धा नव्हती. पाखरू उचलायच्या आधी मी डोळे पुसले, हे तुलाच सांगतो.

गावातल्या शिकाऱ्यांनीही माझ्या शब्दाखातर यंदा आपल्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही. सगळं मनासारखं झालं, असं मी म्हणणार होतो.

पण ताई, बाबा जेवत नाहीत. मी बंदूक घेऊन बाहेर पडतो, परत येतो, आणि ते खिडकीशी बसून बघत असतात. रश्श्याला हात लावत नाहीत. शनिवारी त्यांनी माझी बाही धरली आणि हळूच विचारलं, आपल्या बाजूनं कुणीच झाडत नाही, सगळे गेले का रे? मी सांगितलं की सगळे आहेत, सुखरूप आहेत. त्यांना ते पटलं नाही. कोटाची बटणं लावून बसून राहिले. चार दिवसांत निम्मे झालेत. नर्सबाई वजन करून, ते वहीत लिहून गेल्या.

मी चुकलो का? लवकर लिही.

तौनो


गोथेनबर्ग, २१ सप्टेंबर १९९१

चि. तौनोस आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन मी जूनचं पत्र पुन्हा काढलं. एक सांग. गेल्या वर्षी तू कोंबडा दलदलीच्या कडेला मारलास, आणि बाबा सापडले तेही दलदलीतच. भ्यायलेला माणूस बंदुकीपासून लांब पळेल. बाबा तर बंदुकीकडे निघाले होते. ते पळत नव्हते रे, तौनो. ते आपल्या माणसांकडे चालले होते.

रजा मिळाली, बारा ऑक्टोबरला पोचते. तोवर वाट बघू नकोस. बंदुकीचा आवाज त्यांना एकट्याने ऐकू देऊ नकोस, बरोबर घेऊन जा आणि त्यांच्यासमोर झाड.

तुम्हा दोघांचीच,
इर्याताई


कुह्मो, १ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं खरं होतं. एक वर्ष मी समोर असूनही मला दिसलं नाही, आणि तुला तिकडून दिसलं.

गुरुवारी सकाळी बाबांना बूट घातले, टोपी घातली, हाताला धरून दलदलीपर्यंत नेलं आणि ओंडक्यावर शेजारी बसवलं. नळकांडं काढलं. साधं काडतूस भरलं. त्यांना सांगितलं की आता मी झाडतो आहे, आपल्या बाजूनं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. समोरच्या वाळूच्या बांधात गोळी घातली. आवाज सगळ्या रानात घुमला. हात पाठीवरून हलला नाही.

मग ते पलीकडच्या काठाकडे बघत राहिले, मान जराशी पुढे काढून. बराच वेळ गेला. पलीकडून काहीच आलं नाही, येणार तरी काय होतं? तेव्हा ते म्हणाले, तिकडून कुणी उत्तर देत नाही. संपलं वाटतं.

मी म्हटलं, हो बाबा, संपलं.

युद्ध संपून एकावन्न वर्षं झाली, ताई, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, मग चल घरी, तौनो.

बाराला स्टेशनवर येतो.

तुझा,
तौनो