रेल्वेच्या वाटेत बसलेल्या गव्हर्नराची निरवानिरव

मी, अलॉन्झो पर्ली ट्रॅस्क, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खेचरे हाकणे, मधली चार वर्षे या राज्याचा गव्हर्नर, राहणार विलो फोर्क, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

घर, कुरण व दोन्ही गाई माझी पत्नी गुनहिल्ड हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणीही उठवू नये. एकदा तसा प्रयत्न झाला होता, तो असा.

रेल्वेला विलो फोर्कमधून सरळ रूळ न्यायचे होते आणि मध्ये नॉर्वेहून आलेल्या लोकांची घरे होती. कंपनीचा वकील ऑर्विल किंकेड माझ्या कचेरीत आला. कचेरी म्हणजे खाणावळीची मागची खोली.

"साहेब, शिपाई पाठवून यांना हुसकावा. पुढची निवडणूक आमच्यावर सोडा."

"आणि नाही पाठवले तर?"

"तर परत खेचरं हाका."

पद मला फार आवडत होते. लोक टोपी काढायचे. तरी मी खेचरावर जीन टाकले आणि एकटाच विलो फोर्कला गेलो. मोजणीच्या खुंट्या विधवा गुनहिल्डच्या स्वयंपाकघरातून चालल्या होत्या. मी तिच्या दारातच खुर्ची मांडली.

"गव्हर्नर असाल, पण बूट बाहेर," ती म्हणाली.

काढले. रूळ टाकणारी टोळी आली तेव्हा राज्याचा प्रमुख अनवाणी बटाटे सोलत होता.

मुकादम म्हणाला, "साहेब, उठा. नाहीतर उचलावं लागेल."

"उचल की. त्याला गव्हर्नरचा हुकूम लागतो, आणि गव्हर्नर कामात आहे."

बर्फ पडेपर्यंत बसलो. शेवटी रूळ वळले. निवडणुकीत मी सपाटून आपटलो आणि किंकेड गव्हर्नर झाला. वसंतात गुनहिल्डने माझ्याशी लग्न केले. म्हणाली, "नाहीतरी दार अडवूनच बसला आहात."

माझी उंच रेशमी टोपी किंकेडला द्यावी. त्याला सैल होईल; आत वर्तमानपत्र कोंबावे, त्याचीच भाषणे छापलेले.

विधिमंडळाने माझे तैलचित्र कोळशाच्या खोलीत टाकले आहे. ते तिथेच असू द्यावे. सभागृहापेक्षा तिथली संगत बरी.

खेचर डेबोरा शेजारी हालवोरला. ती चावते, हे त्याला माहीत आहे.

आता मुख्य मुद्दा. कंपनी ते वळण पुन्हा सरळ करू पाहत आहे. पण कबरीवरून रूळ नेता येत नाहीत. त्या कायद्यावर मीच सही केली आहे. सबब मला त्या जुन्या खुंट्यांच्या रेषेतच पुरावे. प्रवचन आटोपशीर असावे.

हे कलम वाचून दाखवल्यावर गुनहिल्डने विचारले, "आणि मी कुठे?"

"तू टेकडीवर, चर्चच्या आवारात. सावली आहे तिथे."

"अहो, तुमच्या एकट्याच्या रुंदीनं गाडी अडणार आहे होय? बाजूनं निघून जाईल. जरा सरकून झोपा, मी शेजारीच येणार."

तरी वरील कलमात दुरुस्ती: जागा दोघांची राखावी. डावी बाजू तिची.

ठिकाण: विलो फोर्क
दिनांक: ९ नोव्हेंबर १८८९

(सही) अलॉन्झो पर्ली ट्रॅस्क

आमच्यासमोर सही केली:
१. डॉ. लिएंडर मूडी
२. हालवोर नेस, लोहार