विषय तुमचा तुम्ही निवडा

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

नाही म्हणायला हवं होतं. पण एचआरच्या दिपिका मॅडम लॅबच्या दारात येऊनच उभ्या राहिल्या. चार मार्चला सुरक्षा दिन. सगळ्या कामगारांसमोर मी दहा मिनिटं बोलायचं. ‘विषय तुमचा तुम्ही निवडा, वैशालीताई. फक्त चांगला निवडा.’

मी काचेची भांडी धुते. दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेन — त्यातली दोन रिक्षावाल्याशी.

मलाच का बोलावलं, ते कळतं. माझा नवरा निलेश याच प्लँटमध्ये गेला. पाइपचा जोड सुटला. आठ वर्षं झाली. त्याच्या जागी मला घेतलं.

२२ फेब्रुवारी

मोबाइलवर शोधलं — भाषणासाठी चांगले विषय. पाणी वाचवा. वेळेचं महत्त्व. स्त्री आणि आत्मविश्वास.

‘वेळेचं महत्त्व’वर चार ओळी लिहिल्या आणि मोठ्यानं वाचल्या. माझ्याच आवाजाला दचकले. रोह्यात ही खोली घेतल्यापासून इथं कुणी मोठ्यानं बोललेलंच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पेणला आईकडे गेले. निडी स्टेशन येईपर्यंत गाडीत ठरवून टाकलं होतं, मिठावर बोलायचं. आईचं आयुष्य मिठागरात गेलं, तीच माहिती देईल.

आई भाकरी थापत होती. ‘मिठावर काय बोलशील गो तू? आगरात एक दिस तरी उतरलीस?’

नाही उतरले. तिनंच उतरू दिलं नाही, शाळेत धाडलं.

मग म्हणाली, ‘तुला ठाव हाय आन् त्यांना नाय, असा काय हाय का तुझ्याकडं? तेच सांग.’

आहे. पण ते आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

२५ फेब्रुवारी

कँटीनमध्ये आज सुशील समोरूनच आला. मला बघितलं आणि ताट घेऊन पलीकडच्या टेबलाला गेला. निलेशचा सगळ्यात जवळचा दोस्त. सुट्टीच्या दिवशी बायकोला, सरूला घेऊन आमच्याकडे मासे खायला यायचा. आठ वर्षांत माझ्याशी एक शब्द नाही.

निलेश गेला त्या दिवशीची सेकंड शिफ्ट खरं तर सुशीलची होती. निलेशनं घेतली. सुपरवायझर नंतर सांगून गेले, ‘स्वतःहून घेतली त्यानं.’

सुशीलवर माझा राग नाही. निलेशनं का घेतली, ते मला माहीत आहे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी. उपास. लिहूनच टाकते.

त्या संध्याकाळी पेणला मामेबहिणीचा साखरपुडा होता. निलेश येतो म्हणाला होता. माझ्या माणसांत त्याला करमायचं नाही, त्यावरून आमचं आठवडाभर वाजत होतं. दुपारी डबा भरायला सांगितला — ‘सेकंडला जातोय.’ पुढं काहीतरी सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही.

‘मग तिकडंच राहा’ म्हणाले.

दारापर्यंतसुद्धा गेले नाही. माझ्या माणसांत यायला नको म्हणून त्यानं दुसऱ्याची ड्यूटी मागून घेतली. आणि मी असं बोलले.

२८ फेब्रुवारी

मॅडमना विषय सांगितला — घरून निघताना काय बोलून निघता. त्या गोंधळल्या. ‘हे सुरक्षेत कसं बसतं? हेल्मेटवर बोला ना.’

बसतं, म्हटलं. माझ्यापुरतं तरी बसतं.

३ मार्च

पाठ केलेलं नाही. उद्या तोंड कोरडं पडलं तर खाली येऊन बसेन.

४ मार्च

बोलले. सगळं सांगितलं. साखरपुडा, डबा, ‘तिकडंच राहा’ — सगळं. शेवटी एवढंच म्हणाले, की घरून भांडून आला असाल तर मशीनजवळ जायच्या आधी एक फोन करा. डोक्यात ते भांडण घेऊन व्हॉल्व्हला हात लावू नका.

मागच्या रांगेतली दोन माणसं उठून बाहेर गेली, फोन कानाला लावून. मॅडमनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. आता तीनशे लोकांना माहीत झालंय, की निलेश माझ्यापासून पळून त्या शिफ्टला गेला होता. घरी येऊन चहा केला आणि तसाच ठेवला.

५ मार्च

सुशील सकाळी लॅबच्या दाराशी उभा होता. आत येईना.

‘ती शिफ्ट त्यानं मागून नाय घेतली, वहिनी. तो नायच म्हणत होता. आज पेणला जायचाय, वैशालीला शब्द दिलाय, बोलला. सरूला कळा सुरू झालेल्या. मी रडलो त्याच्यापुढं, तेव्हा व्हय म्हणाला. ड्यूटी बदलून मी मागितली, हे कंपनीत सांगितलं नाय. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं.’

निलेश येणार होता.