चाकावरची सरळ अक्षरं

प्रिय बटण,

फोनच करणार होते. पण तुझा फोन टेबलावर उताणा पडून सगळ्या घराला ऐकवत असतो आणि समोर तुझे चिरंजीव चहा ढवळत बसलेले असतात. म्हणून कागद. वर्गात बोलायची बंदी होती तेव्हाही आपलं कागदावर भागायचंच की. तुझं अक्षर मुंग्यांसारखं आणि माझं बगळ्यासारखं, असं सिस्टर म्हणायच्या. हे बगळ्याचं पत्र एकटी असताना वाच आणि वाचून झाल्यावर उशीखाली ठेवू नकोस. उशीखाली काय काय ठेवतेस ते तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी तुम्ही धरणापलीकडच्या वसाहतीत जाणार, असं लेकीकडून कळलं. तू नवीन लग्न होऊन जिथे गेलीस, ती दोन खोल्यांची जागा पुन्हा एकदा पाहायची तुझी किती वर्षांची इच्छा आहे, हे मला सांगायला नको. रस्ता वाहून गेलाय, आता नुसते दगड आणि एका बाजूला दरी. साधी गाडी जात नाही. म्हणून तुझ्या लेकाने जीप घेतली, म्हणजे आईसाठी घेतली असं तो सगळ्यांना सांगतो. तू पुढे, माझी लेक आणि नात मागे. आणि ही सगळी माणसं ज्या चार चाकांवर बसणार, ती या गृहस्थाने घरी, स्वतःच्या हाताने बसवलेली आहेत. मी गेले चार दिवस त्या चाकांचाच विचार करते आहे.

जावई म्हणून त्याला अहो-जाहो करायचं मी लग्नात ठरवलं होतं. पण ज्याचं नाक मी स्वतःच्या पदराने पुसलंय त्याला अहो म्हणताना जीभ अडखळते. तोही मला मावशीच म्हणतो, आणि त्या मावशीत दिवसेंदिवस एक गंमत यायला लागली आहे. म्हातारं मांजर अंगणात आलं की माणसं ज्या सुरात बोलतात, त्या सुरात.

मागच्या आठवड्यात मी आले तेव्हा अंगणात त्याचा दरबार भरला होता. शेजारचे दोन मित्र, दोघांच्या हातात थंड पेयं, एका स्टुलावर फोन उभा करून त्यावर कुणीतरी परदेशी दाढीवाला चाक बसवून दाखवतोय. मधे आमचे वीर, नवेकोरे हातमोजे घालून. मोजे इतके स्वच्छ की ऑपरेशनलाच निघालाय असं वाटावं. त्याने मला समजावून सांगितलं की मावशी, याला बीडलॉक म्हणतात. साध्या चाकात टायरची कडा फक्त हवेच्या दाबाने रिमला धरून असते, दगडांवर हवा कमी केली की ती निसटते. यात बाहेरून एक लोखंडी कडं बोल्टांनी आवळून टायरची कडा दोन्हींच्या मधे घट्ट धरलेली असते. मी म्हटलं, असं का. बीडलॉक हा शब्द मी त्याच्या जन्माआधी ऐकलाय, हे सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

आठवतं तुला, आमचे हे आणि मी त्या जुन्या जीपची चाकं पत्र्याच्या शेडमध्ये बसवायचो? तू लोणी लावलेला पाव खात शेडच्या दाराशी बसून आम्हाला हसायचीस. चाक आडवं ठेवायचं, कड्याची बाजू वर. आतल्या कडेला साबणाचं पाणी, मग टायरवर चढून दाबायचं. ते काम माझं, कारण ह्यांच्या मते माझं वजन तेवढंच उपयोगी होतं. मग वरची कडा तिच्या खाचेत सगळीकडून सारखी बसवायची. ती एका बाजूला जरी सरकली तरी हे सगळं उचलून पुन्हा सुरुवात करायचे. मग कडं, आणि सगळे बोल्ट हाताने, बोटांनी. एक जरी वाकडा जायला लागला तर काढायचा. त्यानंतर पाना, आणि तोसुद्धा समोरासमोर, इकडे थोडं की तिकडे थोडं, फेऱ्यामागून फेरे. शेवटच्या फेरीला नेमक्या जोराला पोचला की कट् असा आवाज करणारा तो लांब पाना. मी कान लावून कट् ऐकायची. ह्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं ना.

मला ते पटकन जमलं कारण मला ते आधीच येत होतं. तुलाही येत होतं. सिस्टरांच्या भरतकामाच्या तासाला लाकडी कडीत कापड ताणायचो, तेच हे. एका बाजूने आवळत गेलं की दुसऱ्या बाजूला सुरकुती. तुझ्या रुमालावरचं गुलाबाचं फूल कोबीसारखं का दिसायचं, ते आठव. तुला धीर नव्हता. तो गुण वारशात बरोबर उतरलाय.

कारण तुझ्या लेकाने काय केलं? विजेवरचं ते घरघरणारं यंत्र घेतलं आणि एका बोल्टपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरत गेला. फुर्र, फुर्र, फुर्र. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. तेही एक वेळ सोडून देऊ. सगळी चाकं हवा भरून उभी केल्यावर त्याला दिसलं की कड्यावर कोरलेली अक्षरं तिरपी आली आहेत आणि टायरवरच्या पांढऱ्या अक्षरांशी जुळत नाहीत. फोटो चांगला येणार नाही. म्हणून या शहाण्याने काय करावं? हवा भरलेली असताना बोल्ट सैल करून कडं फिरवावं! बटण, हे म्हणजे उकळत्या कुकरचं झाकण रंग जुळत नाही म्हणून फिरवणं. ह्यांनी मला पहिल्या दिवशी, पाना हातात देण्याच्या आधी, एवढी एकच गोष्ट तीनदा म्हणायला लावली होती: आधी हवा सोड, मग बोल्टला हात लाव.

अक्षरं मात्र सरळ आली हो. फोटोही सुरेख आला, मी पाहिला. शंभर माणसांनी त्याला शाबासकी दिली आहे म्हणे. त्यातल्या एकालाही त्या गाडीत बसायचं नाही.

मी वाकून कड्याच्या मागच्या फटीतून बोट फिरवलं. एका बाजूला करंगळीचं नख जात नव्हतं, समोरच्या बाजूला नाणं गेलं असतं. कडं वाकलंय. तीन बोल्ट बाकीच्यांपेक्षा वेगळे, पिवळट, बाजारातून कुठूनतरी आणून ठोकलेले. मी एवढंच म्हटलं की हे सगळं हवा सोडून पुन्हा करायला हवं, मी मदत करते. तो हसला. म्हणाला, "मावशी, तुम्ही आपलं विणकाम बघा, हे वेगळं शास्त्र आहे." मित्र हसले. उथळ पाण्याला खळखळाट फार, मी ते मनाला लावून घेतलं नाही.

पण तूही हसलीस. ते मला लागलं. लागलं म्हणूनच मी चहा न घेता निघाले. डोकं दुखतंय म्हणाले, पण ते दुखत नव्हतं. तुला वाटलं असेल की ही रुसली, येईल दोन दिवसांनी ताळ्यावर. मी रुसले नव्हते. तू का हसलीस याचा घरी येईपर्यंत विचार करत होते. शेडच्या दारात बसून ते काम तू माझ्याइतकंच पाहिलंय. तुला कळत नाही असं नाही.

तू लहानपणापासून त्याला नाही म्हटलं नाहीस. शाळेचा निकाल त्याने लपवला तेव्हा तू पोस्टाला दोष दिलास. स्कूटर भिंतीवर घातली तेव्हा भिंत पुढे आली होती. तुझ्या तोंडून त्याच्याबद्दल ऐकलं की वाटतं, हा मुलगा नाही, हवामान आहे. कुणाच्याच हातात नाही. माझ्या लेकीने लग्न करताना मला विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, त्याची आई माझी बटण आहे, काळजी काय. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

काल लेक आली होती. तुझ्या स्वयंपाकघराची काच वाऱ्याने फुटली असं तू मला फोनवर सांगितलंस ना, ती म्हणाली वारा नव्हताच. तो घरी नसताना, अंगणात नुसत्या उभ्या गाडीच्या कड्याचा बोल्ट तुटून खिडकीतून आत आला आणि ओट्यावर आपटला. त्या वेळी तू तिथे भांडी पुसत होतीस. बोल्टचं तुटलेलं डोकं तू उचललंस, पदराला पुसलंस आणि तिला म्हणालीस, "त्याला सांगू नकोस, उगीच हिरमुसेल." माझी लेक तुझ्यावर माझ्याइतकीच माया करते, म्हणून तीन दिवस गप्प राहिली. काल माझ्याकडे बसून रडली.

तेव्हा तुला सगळं माहीत आहे, आणि तरी तू रविवारी बसणार आहेस. मुलगा प्रेमाने नेतोय, त्याचं मन कसं मोडायचं, म्हणून. म्हणून हे लिहिते आहे. त्याला शिकवायला नाही. अति शहाण्याला शिकवण्याचं माझं वय गेलं. माझ्या शब्दाला त्या अंगणात किंमत नाही आणि लेक बोलली तर ते आईने पढवलेलं ठरेल. गाडी तुझ्यासाठी निघते आहे, ती फक्त तुझ्यामुळे थांबेल. गुडघ्याचं निमित्त काढू नकोस, तो पुढच्या रविवारी पुन्हा काढेल. दारात उभी राहा आणि सांग, या चाकांवर मी बसणार नाही आणि माझी सून-नातही बसणार नाही. तो चिडेल, महिनाभर बोलणार नाही. न बोलू दे. अबोल्याने कुणाची हाडं मोडत नाहीत. ती चाकं माझ्याकडे पाठव, ह्यांचा पाना अजून आहे. वाकलेली कडी फेकून नवी आणू, आणि मग तुझी ती दोन खोल्यांची जागा मी तुला दाखवून आणते, गाडी मी चालवते. पण आधी एकदा, या वयात का होईना, त्याला नाही म्हण. मला तुझ्याशिवाय बटण म्हणायला कुणी उरलेलं नाही.

विहीणबाई नंतर, त्याच्या कितीतरी आधीपासून तुझीच,
लांबडी