अपक्ष बुधाजी, निशाणी पंखा

२५ मार्च २००९, अंजनगाव सुर्जी
अर्ज भरला. अमरावती मतदारसंघ यंदा राखीव झाला आणि मी कृषी खात्यातून रिटायर झालो. दोन्ही एकाच वेळी. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. कापसाची दैना आयुष्यभर ऑफिसातून पाहिली, आता दिल्लीतून पाहीन. ज्योत्स्नाने फक्त विचारलं, उन्हात टोपी घालणार का. तिला राजकारण कळत नाही.

१ एप्रिल
माघारीची मुदत उद्या संपते. मोठ्या पक्षांचे लोक मनधरणीला येणारच. ठाम राहायचं. दुपारी झोपलो नाही. कुणी आलं नाही. संध्याकाळी अंगणातली खुर्ची आत घेतली.

२ एप्रिल
आले! एका मोठ्या उमेदवाराचे उजवे हात, खुशालराव. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "साहेब, काई झालं तरी माघार घेऊ नका. लोकशाहीले तुमची गरज हाय." विरोधक इतका दिलदार असतो? प्रचाराला जीप देताहेत, ड्रायव्हरसकट. मी फक्त दहा-बारा गाड्यांचे परवाने माझ्या नावावर काढायचे. मला एक पुरे, म्हणालो. लाट आली की कमी पडतील, म्हणाले. दूरदृष्टीचा माणूस.
निशाणी: पंखा.

५ एप्रिल
पहिली सभा. घोषणा माझीच: 'पंखा फिरवा, देश फिरेल.' लोडशेडिंग चालू होतं. लाइन केव्हा येणार, एवढंच लोकांनी विचारलं. मग पुढे बसलेल्या गंगूबाई उठल्या. "तुमी सांगतलं ते बियानं पेरलं. उगोलं नाई. आता मत बी तुमालेच देऊ काय?"
म्हणजे मतदार मला कामावरून ओळखतात. उत्तम.

९ एप्रिल
हुसेन भेटला. लाउडस्पीकरचं दुकान आहे त्याचं, शाळेपासूनचा मित्र. माइक फुकट देतो, सल्लाही. म्हणाला, "तुह्या नावावर त्यायच्या गाड्या फिरून राह्यल्या, बुधाजी." त्यांचा स्वतःचा खर्च मर्यादेबाहेर जातो, म्हणून माझे परवाने, असा त्याचा तर्क. मी समजावलं, प्रत्येक काचेवर माझं नाव आहे, केवढी पब्लिसिटी! तो वायर गुंडाळत बसला.
संशयी स्वभाव.

१६ एप्रिल
मतदान. सकाळीच ड्रायव्हर म्हणाला, तिकडे मेळघाटात, सेमाडोहला तुमची लाट आहे, लगेच चला. निघालो. वाटेत त्याने बरेच लोक चढवले, उतरवले. सगळ्यांच्या खिशाला दुसऱ्याच निशाणीचे बिल्ले. मी जागा करून दिली. मन वळायला वेळ लागतो.
सेमाडोहात मला सोडून जीप गेली ती गेलीच. एसटीने परत आलो. इथलं केंद्र बंद झालं होतं. हरकत नाही, एका मताने काय होतं?

१६ मे
निकाल. हुसेन मोजणीच्या हॉलबाहेरून फोन करत होता. मेळघाटात लाट नाही. दर्यापूर नाही. डिपॉझिट नाही. शेवटी आमच्या वॉर्डाचं मशीन: एक मत.
ज्योत्स्नाला म्हणालो, निदान माझं मत तरी मोजलं गेलं.
ती मेथी निवडत होती. "तुमचं कसं? तुमी त सेमाडोहले होते."
मग कोणाचं, असं मी विचारलं.
"माहं. कोनी त द्याले पायजे ना."
मी म्हणालो, ऑक्टोबरात विधानसभा आहे. तिने मेथीची एक जुडी माझ्यापुढे सरकवली.
डोळे चुरचुरताहेत. ऊन लागलं असावं.