भिंतीपलीकडचं बिनफळाचं झुडूप

८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाटणीची भिंत झाली एकदाची. दादाच्या अंगणात काय चाललंय ते आता दिसत नाही, नुसती त्याच्या गॅरेजमधली ठोकाठोक ऐकू येते. बाबांनी लावलेल्या, फळांतून मेण देणाऱ्या झुडपांचीही वाटणी झाली. फळणारी तिन्ही मी मागून घेतली, आणि जे बाबांच्या हयातीतही कधी फळलं नाही ते दादाकडे गेलं. तो भांडेल असं वाटलं होतं. तो लगेच हो म्हणाला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवलो.

आई माझ्याकडेच राहणार आहे. काल तिने करड्या फळांचा टोप उकळत ठेवला. वर मेण तरंगायला लागलं तसा घरभर वास सुटला. मेणबत्त्या झाल्या की तुला पाठवतो. अंगणात बसली की भिंतीकडे मात्र ती पाठ करते.

तुझी माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझा,
धाकटा

२१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

मेणबत्त्या पाठव, बढाया तुझ्याजवळच ठेव. तुझी बहीण इतकी वर्षं रोपवाटिकेत राबतेय, तिला एका शब्दाने विचारायचं होतंस. ज्याला तू बिनफळाचं म्हणतोस ते नर झुडूप आहे. त्याचा पराग वाऱ्यावर येतो म्हणून तुझी तिन्ही फळतात, आणि आसपास दुसरं नर झुडूप नाही. ही जात चिवट, रेताड मातीतही तग धरते, पण ते एक गेलं तर तुझ्या फांद्यांवर नुसती पानं राहतील.

तेव्हा मुकाट्याने दादाकडे जा आणि ते राखायला सांग. तू धाकटा आहेस, मागायला तुला कसली लाज?

आईला जप, आणि जमलं तर स्वतःलाही.
तुझी,
ताई

११ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. परवा दादाने भिंतीवरून हाक मारली. वाटणीनंतर पहिल्यांदाच. म्हणाला, शेड वाढवायची आहे, हे झुडूप मध्ये येतंय, काढू का?

तुझं पत्र वाचलेलं होतं. पण त्याच्यापुढे हात पसरायचा म्हटलं की माझी जीभ उचलत नाही. एकदा मागितलं की जन्मभर ऐकवेल, असं वाटलं. मी म्हणालो, तुझ्या वाट्याचं आहे, तुला हवं ते कर. तो मागे फिरला. दुपारी कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. आई दारापर्यंत आली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

तुझ्याकडे नर रोप असेल तर पाठव, म्हणजे कुणाचे उपकार नकोत.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा,
धाकटा

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

दादा इथे आला होता. बराच वेळ रोपांमध्ये नुसता फिरत राहिला, मग बोलला. ते झुडूप नर आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबांनीच दाखवलं होतं. आई तुझ्याकडे राहणार, तर फळं तिच्या हाताशी असावीत, म्हणून त्याने मुद्दाम ते स्वतःकडे घेतलं. शेड तर दुसऱ्या बाजूलाही वाढवता आली असती. तू नुसतं राहू दे म्हणाला असतास तर बोलणं सुरू झालं असतं, एवढ्यासाठी त्याने विचारलं होतं. हे सांगून तो चहा न घेता गेला.

रोप पाठवते आहे. ते तुझ्या अंगणात लावू नकोस. दादाच्या दारात घेऊन जा.

आशीर्वाद देते आहे, कारण तो रोखता येत नाही.
तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. वहिनीने दार अर्धंच उघडलं. दादा घरी नाही म्हणाली. त्याच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. माझी नजर तिकडे गेली तशी तिने मान खाली घातली. मी रोप घेऊन परत आलो.

घरी आई ट्रंक भरत होती. म्हणाली, आता दादाकडे राहीन. कुऱ्हाडीचे घाव ऐकून ती दारापर्यंत आली होती, तेव्हाच तिचं ठरलं असावं. मी रोप तिच्यापुढे ठेवलं. तिने एक पान चुरगळून हुंगलं, रोप चांगलं आहे म्हणाली, आणि ट्रंकेला एका बाजूने हात लाव म्हणाली.

मी लावला.

लोभ वाढावा असं कुठल्या तोंडाने लिहू? आहे तेवढा राहू दे.
तुझा,
धाकटा